बांधाची भेग आणि त्रेपन्न अभिप्राय

एका जंगलात एक शाळा होती, असे मला आठवते. जंगल होते याची मला खात्री आहे. शाळेचीही जवळजवळ आहे. पण मुलांनो, माझे वय झाले आहे, आणि आयुष्यभर मी इतके वाचले आहे की पाहिलेले कोणते आणि वाचलेले कोणते, हे आता मला सांगता येत नाही. तेव्हा गोष्टीत काही चुकले तर ती चूक माझी समजा. काही बरोबर निघाले तर तो योगायोग समजा.

त्या शाळेत एकच शिक्षक होते. साळिंदर गुरुजी.

साळिंदर हा खरे तर रात्री जागणारा प्राणी. पण शाळा सकाळची होती. त्यामुळे गुरुजी जन्मभर थोडे झोपेत आणि थोडे घाईत असत.

शिकवायचे मात्र मनापासून. पळसाची फुले कुटून ते लाल शाई करत. आपल्याच पाठीवरचा एक काटा उपटून त्या शाईत बुडवत आणि मुलांच्या वह्या तपासत. काटा झिजला की दुसरा उपटत. वर्षअखेर गुरुजींची पाठ पाहिली तरी शाळेचा निकाल कळत असे.

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक मुलाने दोन वह्या ठेवायच्या. एक कच्ची, एक पक्की. कच्च्या वहीत स्वतःच्या मनाने लिहायचे. गुरुजी ते सुधारून देत. मग ते सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत उतरवायचे. साहेब तपासणीला आले की पक्की वही पुढे करायची. कच्ची वही साहेबांनी कधी मागितली नव्हती.

एके दिवशी केंद्रप्रमुख कोल्हेसाहेब शाळेवर आले. त्या भागातल्या सगळ्या शाळा त्यांच्या ताब्यात होत्या. त्यांनी पाणी घेतले, हजेरीपट पाहिला आणि विचारले, "गुरुजी, तुमचा ब्लॉग कुठाय?"

गुरुजी घाबरले. त्यांनी कपाटाकडे पाहिले.

"साहेब, आम्हाला अजून पुरवठा झालेला नाही."

"अहो, ब्लॉगचा पुरवठा होत नसतो. तो काढायचा असतो. मुलांचं लिखाण त्यावर टाकायचं. सगळं जंगल वाचतं. खाली अभिप्राय देतं."

"कशासाठी साहेब?"

कोल्हेसाहेबांना हा प्रश्न पूर्वी कोणी विचारला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि परिपत्रक काढले.

"महिनाअखेर प्रत्येक शाळा तंत्रस्नेही झाली पाहिजे. जी होणार नाही, ती टेकडीपलीकडच्या शाळेला जोडली जाईल."

टेकडीपलीकडच्या वाटेवर बिबट्याचे घर होते. बिबट्या शिक्षणाच्या विरोधात नव्हता. उलट मुले रोज आपल्या दारावरून गेलेली त्याला हवीच होती.

गुरुजींनी त्याच दिवशी ब्लॉग काढायचे ठरवले.

त्यांना शिकवायला एक तरुण माकड आले. त्याच्याजवळ तंत्रस्नेही असल्याचे प्रमाणपत्र होते. त्याने गुरुजींपुढे काचेची एक पाटी ठेवली.

"इथं दाबा, गुरुजी. आता पासवर्ड टाका. कोणाला सांगायचा नाही हं. आणि विसरायचाही नाही."

दोन्ही एकदम कसे जमावे, ते गुरुजींना कळेना. शेवटी त्यांनी पासवर्ड फळ्यावर सुविचाराच्या जागी लिहून ठेवला. मुलांनी तो रोजच्याप्रमाणे मोठ्याने म्हटला.

दुसऱ्या दिवशी सशाच्या मुलाने काचेवर चार ओळी लिहिल्या. गुरुजींनी सवयीने काटा उपटला, शाईत बुडवला आणि चुकीच्या शब्दाभोवती काचेवरच लाल गोल काढला. ससा गेला, मुंगशीण आली. तिने कोरे पान उघडले. पानावर लाल गोल होता.

मुंगशिणीच्या डोळ्यांत पाणी आले. "गुरुजी, मी अजून काही लिहिलंच नाही. लगेच चूक?"

गुरुजींनी तिची माफी मागितली आणि शेपटीने काच पुसली. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. साळिंदराला ती तशीही येत नाही. पण ती वेगळी गोष्ट.

तरी ते शिकले. वयाच्या त्या टप्प्यावर शिकणे सोपे नसते, हे मी अनुभवाने सांगतो. पंधरा दिवसांत ब्लॉग तयार झाला. गुरुजींनी त्यासाठी एकच नियम केला. ब्लॉग म्हणजे जगाला दाखवायची पक्की वही. तिच्यावर कच्चे काही जाणार नाही.

नियम चांगला होता. माझ्याही वर्गात असाच नियम असायला हवा होता, असे मला तेव्हा वाटले.

आता रेवतीविषयी सांगतो. ती टिटवीची मुलगी. तिचे घर शाळेच्या वरच्या अंगाला, मातीच्या जुन्या बांधाच्या पायथ्याशी होते. घर म्हणजे काय, तर गोट्यांमध्ये केलेला एक खळगा. टिटवी घरटे झाडावर बांधत नाही. त्या खळग्यात रेवतीच्या आईने चार अंडी घातली होती. बांधाच्या पलीकडे काठोकाठ पाणी होते.

वर्ग सुरू होण्यापूर्वी रेवती गुरुजींच्या टेबलाशी आली.

"गुरुजी, बांधाला भेग पडलीय."

"छान! निरीक्षण चांगलं आहे तुझं."

"आधी त्यात माझं नख जायचं. आता बोट जातं."

"अगं, मग आईला सांग ना."

"आईनं बांधकामाच्या गवेसाहेबांकडं जाऊन सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. आईला लिहिता येत नाही."

गुरुजींच्या मनात एकदम उजेड पडला. ब्लॉग कशासाठी, हा जो प्रश्न त्यांनी साहेबांना विचारला होता, त्याचे उत्तर आता टेबलाशी एका पायावर उभे होते.

"तू लिही, रेवती. आपण ब्लॉगवर टाकू. गवेसाहेब ब्लॉग वाचतात. त्याहून लेखी आणखी काय असतं?"

रेवतीने कच्च्या वहीत लिहिले:

'बांधाला भेग पडली आहे. आमच्या घराच्या बरोबर वर. माझे बोट आत जाते. ओले लागते. खाली आमची चार अंडी आहेत. अंड्यांना उडता येत नाही. कोणीतरी लवकर या.'

गुरुजींनी ते दोनदा वाचले. मुलगी हुशार होती. पण प्रस्तावना नव्हती. समारोप नव्हता. शीर्षकसुद्धा नव्हते. असे लिखाण सगळ्या जंगलापुढे गेले तर लोक मुलीला हसतील, शाळेलाही हसतील, आणि शाळा टेकडीपलीकडे जाईल. गुरुजींनी पाठीवरचा एक बरा काटा निवडला.

दोन तास ते खपले. शीर्षक दिले, 'आमचा बांध'. सुरुवातीला पाण्याच्या थोरवीवर एक श्लोक घातला. मग बांधाचे वर्णन: पहाटेचा बांध, दुपारचा बांध, चांदण्यातला बांध. 'भेग' हा शब्द त्यांना जरा उघडा वाटला. त्यांनी लिहिले, 'काळाच्या ओघात बांधाच्या अंगावर सुरकुत्या उमटू लागल्या आहेत.' अंडी त्यांनी ठेवली. म्हणजे 'बांधाच्या कुशीत उद्याची पिढी निर्धास्त विसावली आहे' असे केले. शेवटी लिहिले, 'चला, आपण सारे या बांधावर प्रेम करू या.'

रेवतीने ते पक्क्या वहीत उतरवले. उतरवताना ती थांबली.

"गुरुजी, यात 'लवकर या' कुठाय?"

"'चला' म्हटलंय ना शेवटी. त्यात आलंच ते."

"आणि निर्धास्त म्हणजे?"

"काळजी नसलेली."

"पण आम्हाला काळजी आहे."

"अगं, लिखाणात असं घाबरल्यासारखं दिसू नये. वाचणाऱ्याला प्रसन्न वाटलं पाहिजे. तो प्रसन्न झाला की आपलं काम करतो."

गुरुजी हे मनापासून बोलले. त्यांनी आजवर ज्या ज्या साहेबांना अर्ज केले होते, ते सगळे याच विश्वासाने केले होते. त्यांतला एकही मंजूर झाला नव्हता, ही गोष्ट त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आली नाही.

निबंध ब्लॉगवर गेला. आणि मुलांनो, तो खरोखरच सगळ्या जंगलाने वाचला.

पहिला अभिप्राय हरणाचा आला. 'खूप छान!'

दुसरा मोराचा. 'अप्रतिम शब्दरचना. सुरकुत्यांची कल्पना भावली.'

संध्याकाळपर्यंत एकवीस अभिप्राय झाले. जंगलाबाहेरची काही शिकलेली, निवृत्त माणसेही तो ब्लॉग वाचत. त्यांना वेळ असे आणि नव्या पिढीचे कौतुक असे. त्यांच्यात मी होतो का, हे मला नक्की आठवत नाही. त्या काळात मी बरेच वाचत असे.

बाविसावा अभिप्राय बांधकामाच्या गवेसाहेबांचा होता. 'बांधाविषयीची तळमळ थेट काळजाला भिडली. हार्दिक अभिनंदन, बाळा.'

रेवती नाचतच गुरुजींकडे आली. "साहेबांनी वाचलं! गुरुजी, मी उत्तर लिहू?"

तिने लिहिले, 'साहेब, मग भेग बघायला कधी येता?'

गुरुजींनी ते पुसायला लावले. "अभिप्रायाला असा प्रश्न विचारत नाहीत, बेटा. धन्यवाद म्हणतात."

रेवतीने लिहिले, 'धन्यवाद साहेब. आता पूर्ण पंजा जातो.'

त्यावर गवेसाहेबांनी फुलांचा गुच्छ पाठवला. म्हणजे चित्र.

रविवारी स्वतः बांधावर जाऊन यायचे, असे गुरुजींनी ठरवले होते. पण रविवारी कोल्हेसाहेबांचा निरोप आला: ब्लॉगला किती जणांनी भेट दिली, ती माहिती आजच्या आज भरून पाठवा. गुरुजी दिवसभर ती माहिती भरत बसले. तीनशे बारा जणांनी ब्लॉगला भेट दिली होती. बांधाला कोणी भेट दिली का, असा रकाना त्यात नव्हता.

आठवड्याने कोल्हेसाहेब पेढे घेऊन आले.

"गुरुजी, तुमच्या रेवतीचा निबंध जंगलात पहिला! गवेसाहेबांच्या हस्ते सत्कार. आणि कल्पना बघा माझी. कार्यक्रम कुठं घ्यायचा? थेट बांधावर! ज्या बांधाचं वर्णन, त्याच बांधावर!"

रेवती हे ऐकत होती. ती घरी उडत गेली. "आई, येतायत! सगळे येतायत! गवेसाहेबसुद्धा!"

आईने अंडी उलटीपालटी केली आणि म्हणाली, "लेखी दिल्याचा गुण आला बघ. आता मला रोज साहेबाच्या दारात उभं राहायला नको."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच माकड फलक घेऊन आले. फलक मोठा होता. वर गवेसाहेबांचा फोटो, शेजारी कोल्हेसाहेबांचा, खाली कोपऱ्यात रेवतीचे नाव. माकडाने बांधावर जागा शोधली. मातीत खुंट्या सहज ठोकल्या जातील अशी एकच जागा त्याला सापडली. तिथे माती आधीच मऊ होती.

"दादा, तिथं नको," रेवती म्हणाली. "तिथं भेग आहे. साहेबांना ती दाखवायचीय."

"ताई, भेग फोटोत कशी दिसेल?" माकड म्हणाले. "फलकानं झाकली की कसं, एकदम सफाईदार."

मग सगळे जंगल बांधावर जमले. हरणे आली, मोर आले, रानडुकरे सहकुटुंब आली. गवेसाहेब बरोबर फलकाच्या वर उभे राहिले, कारण खाली त्यांचाच फोटो होता. त्यांचे वजन किती होते ते मी सांगत नाही. साहेबांचे वजन विचारू नये.

दीपप्रज्वलन झाले. पाहुण्यांचा परिचय झाला. तो मोठा होता. मग रेवतीला मनोगतासाठी दोन मिनिटे मिळाली. गुरुजींनी तिला मनोगत पक्के करून दिले होते. तिने कागद बाजूला ठेवला.

"साहेब, फलकाच्या मागं भेग आहे. तुम्ही तिच्यावरच उभे आहात. आधी माझं नख जायचं. आता गुडघ्यापर्यंत पाय जातो. खाली आमची अंडी आहेत. जरा खाली उतरून बघा ना."

मग जोरात टाळ्या वाजल्या.

"काय निरागसता आहे!" गवेसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. "लिहिते तसंच बोलते."

"पाठांतर नाही, काही नाही," कोल्हेसाहेब म्हणाले. "हेच आम्हाला अपेक्षित आहे."

टाळ्या न वाजवणारे एकटे गुरुजी होते. त्यांना ती वाक्ये ओळखीची वाटली. कुठे वाचली, ते त्यांनी आठवून पाहिले. कच्च्या वहीत. ते मागच्या रांगेतून उठले आणि खाली उतरून फलकापाशी गेले. त्यांनी हात लावून पाहिले. तो पुढून कोरडा होता. मागून ओला होता.

गुरुजींनी पाठीवरचा एक लांब काटा उपटला आणि फलकाच्या मागे भेगेत घातला. काटा पूर्ण आत गेला. त्यांनी तो ओढला. तो परत आला नाही.

"साहेब!" गुरुजी ओरडले. "खाली या! सगळे उतरा! बांध जातोय!"

"गुरुजी, आभारप्रदर्शन चाललंय," कोल्हेसाहेब हळूच म्हणाले.

सुदैवाने अल्पोपाहाराची सोय पलीकडच्या टेकाडावर होती. आभारप्रदर्शन सुरू झाल्याबरोबर सगळे जंगल रीतीप्रमाणे तिकडे निघून गेले. आभार ऐकायला गवेसाहेब, कोल्हेसाहेब आणि आभार मानणारे माकड एवढेच उरले. फलक फुगलेला पाहून तेही निघाले. शिस्त मोडल्यामुळे त्या दिवशी पुष्कळांचे प्राण वाचले.

गुरुजी टेकाडाकडे गेले नाहीत. ते उताराने खाली धावले. रेवती त्यांच्या डोक्यावरून ओरडत उडत होती. खळग्यापाशी तिची आई पंख पसरून अंड्यांवर बसली होती.

"उठा बाई! पाणी येतंय!"

"मी उठेन हो गुरुजी. पण ही कशी उठणार?"

साळिंदराला पाठीवर काही घेता येत नाही. पाठीवर काटे असतात. हातांत धरले तर धावता येत नाही. गुरुजींनी एक अंडे तोंडात धरले. साळिंदराच्या तोंडात एकच अंडे मावते. ते वर चढले. तीन पावले चढले असतील नसतील, तोच मागून आवाज आला. त्यांनी वळून पाहिले नाही. तोंडात अंडे होते.

खळगा गेला. तीन अंडी गेली. पुढे खालच्या अंगाची शाळाही गेली. पण ती रिकामी होती. तिच्यात फक्त वह्या होत्या, कच्च्या आणि पक्क्या. पाण्याने त्यांच्यात फरक केला नाही.

टेकाडावर पोचल्यावर गुरुजींनी अंडे टिटवीपुढे ठेवले. 

रेवती म्हणाली, "गुरुजी, मी तसंच लिहिलं होतं ना?"

"हो," गुरुजी म्हणाले. "मी सुधारलं."

कार्यक्रमाचा अहवाल वरिष्ठांकडे गेला. कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाल्याचे त्यात म्हटले होते. बांध फुटल्याचा उल्लेख नव्हता, कारण बांध कार्यक्रम संपल्यावर फुटला होता. कोल्हेसाहेबांना बढती मिळाली. गुरुजींना नोटीस मिळाली. आभारप्रदर्शन चालू असताना विनापरवानगी स्थळ सोडल्याबद्दल खुलासा मागवला होता.

शाळा मात्र टेकडीपलीकडे जोडली गेली नाही. ती तंत्रस्नेही होती. इमारत नसली तरी तिचा ब्लॉग होता. गुरुजी जांभळाखाली वर्ग भरवू लागले.

त्यांची एक सवय तेवढी बदलली. मुलाने काही लिहून आणले की ते काटा उपटत नसत. काठी घेत आणि बघायला जात. सशाने लिहिले, 'आमच्या बिळात ओल येते.' गुरुजी बिळात डोके घालून आले. त्यांना बाहेर काढायला अर्धा तास लागला. मुंगशिणीने लिहिले, 'माझ्या मामांनी साप मारला.' गुरुजी मामांना भेटून आले. मामांनी तो मारला नव्हता. पण घरात चार दिवस कोणी जेवले नव्हते, हे त्यांना तिथे गेल्यावर कळले.

या जाण्यायेण्यात अभ्यासक्रम मागे पडला. त्याबद्दल त्यांना दुसरी नोटीस आली. गुरुजींची पाठ मात्र त्या वर्षी पूर्ण भरली.

वाचलेल्या अंड्यातून मुलगा झाला. त्याचे नाव पटावर आले. तो फार बडबड करतो आणि त्याचे लिखाण गचाळ आहे, अशी त्याच्याविषयी नोंद आहे.

तात्पर्य: मुलांनो, लिखाण कधीही चांगले करू नये. गचाळ लिहिलेले वाचले की वाचणारा वैतागतो, आणि वैतागलेला माणूस निदान जागचा उठतो. चांगले लिहिलेले वाचून तो प्रसन्न होतो आणि बसून राहतो. विशेषतः ज्यांच्या घरावर बांध आहे, त्यांनी निबंधात पहिला नंबर येणार नाही याची काळजी घ्यावी.

हे तात्पर्य बरोबर आहे की नाही, याबद्दल मला शंका होती. म्हणून गोष्ट घडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तो ब्लॉग शोधून काढला. तो अजून आहे. निबंधाखाली एकूण त्रेपन्न अभिप्राय आहेत. मी ते सगळे क्रमाने वाचले. सदतिसावा अभिप्राय बांध फुटण्याच्या तीन दिवस आधीचा आहे. 'खूप छान. अशीच लिहीत राहा.' खाली नाव आहे, आणि नावामागे पदवी आहे. नाव माझे आहे. पदवीही माझीच आहे.